शेअर सर्टिफिकेट थोरल्या भावाच्या नावावर, बाकी वारसांच्या सह्या नाहीत : मुलुंडचा रीसेल फ्लॅट घ्यावा का?

घरशोधक_मुलुंड

नमस्कार मंडळी. मी आणि माझे मिस्टर मुलुंड पूर्वेला रीसेलमध्ये २ बीएचके बघतोय. भाव १ कोटी ६२ लाखांवर ठरत आलाय. बिल्डिंग जुनी पण नीट ठेवलेली, स्टेशन चालत. गोची कागदांची आहे.

फ्लॅट मूळचा विक्रेत्याच्या वडिलांचा. १९८२ साली बिल्डरकडून थेट घेतलेला. अ‍ॅग्रीमेंट पाच रुपयांच्या स्टँपपेपरवर, रजिस्टर नाही. सोसायटी १९८४ची. वडील २००९ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही म्हणतात. नॉमिनी थोरला मुलगा, म्हणून २०१० मध्ये शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला, त्याच्या एकट्याच्या नावावर झालं. आई त्यानंतर, २०१६ मध्ये गेली. धाकटा भाऊ टोरांटोला असतो, कॅनडाचा नागरिक झालाय. एक बहीण होती, ती २०१९ मध्ये वारली. तिचे मिस्टर डोंबिवलीला राहतात, मुलगी २२ वर्षांची, मुलगा १६ पूर्ण.

विक्रेत्यांचं म्हणणं, "सर्टिफिकेट माझं, मेंटेनन्स मी भरतो, मालक मीच. बहीण गेली, तिचा विषय संपला. भावानं व्हॉट्सअ‍ॅपवर नो ऑब्जेक्शन पाठवलंय." एजंट म्हणतो इंडेम्निटी बाँड घेऊ, पेपरात नोटीस देऊ, पंधरा दिवसांत मोकळे. दोन लाख टोकन रविवारपर्यंत हवंय, कारण दुसरी पार्टी उभी आहे म्हणे. (दुसरी पार्टी कायम उभीच असते, हे ठाऊक आहे.)

एकट्याच्या सहीवर घेता येईल का? नसेल तर नेमक्या कोणाच्या सह्या हव्यात? कर्ज साधारण एक कोटी काढायचं आहे.

सोसायटीवाला

सोसायटीपुरतं सांगतो. सोसायटीच्या दप्तरात मेंबर तेच आहेत, त्यामुळे ट्रान्सफरचा अर्ज त्यांच्याच सहीनं येणार आणि कमिटी तो घेणार. ट्रान्सफर फी ५०० रुपये, तुमची प्रवेश फी १०० रुपये, आणि प्रीमियम जास्तीत जास्त २५,०००. ९ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशानं ही कमाल मर्यादा घातली आहे. बिल्डिंग फंड, डोनेशन, ऐच्छिक वर्गणी अशा नावांनी जादा मागितलं तर देऊ नका. आदर्श उपविधीप्रमाणे विक्रीला सोसायटीची एनओसी लागत नाही, पण बँक मागते, म्हणून घ्यावी. पूर्ण अर्ज दिल्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो.

त्या शेअर सर्टिफिकेटची मागची बाजू आधी बघा. तिथं ट्रान्सफरचा तक्ता असतो: कमिटी मीटिंगची तारीख, कोणाकडून कोणाकडे, रजिस्टरचा फोलिओ, खाली अध्यक्ष-सेक्रेटरींच्या सह्या आणि शिक्का. २०१०ची नोंद तिथं असेलच. तेवढ्यावर थांबू नका. नॉमिनेशन फॉर्मची प्रत, त्या मीटिंगचा ठराव आणि आय रजिस्टरचा (सभासदांच्या नोंदवहीचा) उतारा विक्रेत्यांना सोसायटीकडून लेखी मागायला सांगा. फाईलमध्ये बहिणीचं किंवा भावाचं हरकतीचं पत्र पडून आहे का, तेही तिथंच कळतं.

वारसांचं म्हणाल तर सोसायटी इंडेम्निटी बाँड घेते आणि पुढे जाते. बरेच व्यवहार असेच होतात.

कागद_आणि_शाई

होतात, आणि दहा वर्षांनी कोर्टात उभे राहतात तेही असेच. सोसायटीवाले साहेबांनी सोसायटीची बाजू बरोबर मांडली आहे, पण इंडेम्निटी बाँड सोसायटीला पुरतो याचा अर्थ तो खरेदीदाराला पुरतो असा नाही. सोसायटीला एवढंच हवं असतं की उद्या कोणी भांडत आलं तर खर्च आपल्या डोक्यावर नको. तुम्हाला मालकी हवी आहे. बाँड म्हणजे "नुकसान झालं तर भरून देईन" हा थोरल्या भावाचा शब्द. पैसे मिळाल्यावर त्यांनी ते कुठं ठेवले आणि त्यांच्याकडे वसूल करण्याजोगं काय उरलं, यावर त्या शब्दाची किंमत ठरते.

ताई, एकट्याच्या सहीवर घेऊ नका. कोणाच्या सह्या, हे कोण कधी वारलं त्या क्रमावर ठरतं, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी नॉमिनी. नॉमिनेशनवर सभासदत्व मिळतं, मालकी नाही. इंद्राणी वाही प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं सोसायटीला नॉमिनीच्या नावे शेअर करायला लावलं, आणि त्याच निकालात बाकी वारसांचा मालकीचा दावा खुला ठेवला. एजंट लोक निकालाचा पहिला अर्धा भाग तेवढा सांगतात. २०१९ला सहकार कायद्यात गृहनिर्माण सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्याच्या कलम १५४ब-१३ खाली नॉमिनीला आता प्रोव्हिजनल मेंबर म्हणूनच घेतात, पक्की मेंबरशिप वारसाहक्काचे कागद आल्यावर. तुमच्या विक्रेत्यांची नोंद २०१०ची, म्हणजे जुन्या कलम ३० खालची, त्यामुळे सर्टिफिकेटवर "प्रोव्हिजनल" दिसणार नाही. मालकीचा हिशोब त्यानं बदलत नाही.

आता वाटे. कुटुंब हिंदू आहे असं धरून चालतो. वडील २००९ मध्ये मृत्युपत्राविना गेले. फ्लॅट स्वकष्टार्जित. हिंदू वारसा कायदा कलम ८ प्रमाणे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी यांना प्रत्येकी एक चतुर्थांश. (यासाठी २००५च्या दुरुस्तीची गरजच नाही. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला १९५६ पासून बरोबरीचा वाटा आहे. "लग्न २००५च्या आधी झालं होतं" असं कोणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या.) आई २०१६ मध्ये गेली, तिचा पाव हिस्सा तिन्ही मुलांत, म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश. बहीण २०१९ मध्ये गेली तेव्हा हा एक तृतीयांश तिच्या नावे पक्का झालेला होता, आणि तो कलम १५ प्रमाणे नवरा, मुलगी, मुलगा यांच्याकडे समान गेला. प्रत्येकी एक नवमांश.

१ कोटी ६२ लाखांत मांडलं तर थोरला ५४ लाख, धाकटा ५४ लाख, मेव्हणे १८ लाख, भाची १८ लाख, भाचा १८ लाख. विक्रेते विकायला निघालेत १ कोटी ६२ लाखांचं, त्यांचं आहे ५४ लाखांचं.

बहीण वडिलांच्या आधी गेली असती तर चित्र वेगळं झालं असतं. तेव्हा तिची मुलं आईच्या जागी आली असती, पण नवरा आला नसता, कारण आधी वारलेल्या मुलीचा नवरा वर्ग १च्या वारसांत नाही. म्हणून तिन्ही मृत्यूचे दाखले मागा आणि तारखा स्वतः जुळवा. तोंडी "२०१९च्या आसपास" चालणार नाही.

एकट्याकडून घेतलं तर काय होईल? मालमत्ता हस्तांतरण कायदा कलम ४४: सहमालकाकडून घेणाऱ्याला त्याच्या हिश्श्यापुरताच हक्क मिळतो. वर राहतं घर अविभक्त कुटुंबाचं असेल तर बाहेरच्या खरेदीदाराला बाकीच्यांसोबत ताबाही मागता येत नाही. "आम्ही प्रामाणिकपणे घेतला, आम्हाला माहीत नव्हतं" हे कलम ४१चं संरक्षणही मिळणं कठीण, कारण मूळ करारावरच वडिलांचं नाव आहे. ते वाचून वारस कोण हे न विचारणाऱ्याला कोर्ट काळजीपूर्वक वागलेला धरत नाही. आणि बाकीचे इतकी वर्षं गप्प होते म्हणून त्यांचा हक्क बुडाला, असंही नाही. एका सहमालकाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीनं धरला जातो. बाकीच्यांचा हक्क उघडपणे नाकारून त्यांना बाहेर ठेवलं, हे सिद्ध झाल्याशिवाय बारा वर्षांची मुदत मोजायला सुरुवातच होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या नो ऑब्जेक्शननं भावाचा मूड चांगला आहे एवढं कळतं. स्थावरातला हिस्सा सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो.

माझा सल्ला: पाचही जण "लिहून देणार" म्हणून करारात आणा. धाकटा येऊ शकत नसेल तर कुलमुखत्यारपत्रावर. भाच्याचं वेगळं आहे. तो अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, त्याच्यासाठी हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा कलम ८ खाली कोर्टाची पूर्वपरवानगी लागते. अडलंच तर या एकाच ठिकाणी अडेल.

चलन_पावती

पैशांची बाजू.

मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, त्यातला १ टक्का मेट्रो अधिभार. कराराची किंमत किंवा रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकाची) किंमत, जी जास्त असेल तिच्यावर. १.६२ कोटींवर ९ लाख ७२ हजार, नोंदणी फी ३० हजार. फक्त ताईंच्या नावे घेतलं तर निवासी घरासाठी १ टक्का सवलत, म्हणजे ८ लाख १० हजार. करारात मिस्टरांचं नाव जोडलं की सवलत जाते. कर्जाला ते सहकर्जदार राहू शकतात, त्यासाठी मालक असायची गरज नाही. पूर्वी असं घर १५ वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये निघाली.

"सगळे आधी थोरल्याच्या नावे हक्कसोडपत्र करतील, मग तो एकटा विकेल" असा प्रस्ताव तुमच्याकडे येईलच. भावानं भावाला मोबदल्याशिवाय हक्क सोडला तर स्टँप नाममात्र, तिथपर्यंत ठीक. मेव्हण्यांचं काय? मुद्रांक कायद्याच्या अनुसूचीतल्या अनुच्छेद ५२(अ)च्या यादीत सोडणाऱ्याचे भाऊ-बहीण, मुलं, आईवडील, जोडीदार असे नातेवाईक आहेत. बायकोचा भाऊ त्यात सरळ बसत नाही. मग त्या हिश्श्यावर खरेदीखताच्या दरानं शुल्क मागितलं जाऊ शकतं. आणि हक्कसोडीच्या बदल्यात पैसे दिल्याचं दस्तात आलं तर नाममात्र स्टँप कोणालाच नाही. पैसे द्यायचे पण लिहायचे नाहीत, असला मार्ग कोणी सुचवला तर त्याला विचारा, भाचीनं उद्या "मला काही मिळालं नाही, सही फसवून घेतली" म्हटलं तर पुरावा काय दाखवणार? त्यापेक्षा पाचही जण विक्रेते आणि प्रत्येकाचा वाटा त्याच्या खात्यात, हे स्वस्त आणि स्वच्छ.

टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या पैशांतून तुम्ही कापून सरकारात भरायचा कर. ५० लाखांची मर्यादा आता एकूण मोबदल्यावर बघतात, माणशी वाट्यावर नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो वाद संपला. म्हणजे १८ लाखांच्या वाट्यावरही १ टक्का कापायचा. प्रत्येक खरेदीदार आणि प्रत्येक विक्रेता या जोडीमागे वेगळा ऑनलाइन फॉर्म, तोही प्रत्येक हप्त्याला. दोन खरेदीदार आणि चार निवासी विक्रेते असले तर एका हप्त्याचे आठ फॉर्म होतात. म्हणून हप्ते कमी ठेवा. भाच्याचंही पॅन काढून घ्यायला सांगा. ज्या महिन्यात कापला तो संपल्यावर ३० दिवसांत भरणा झाला पाहिजे.

कॅनडावाल्या भावाला हा १ टक्का लागू नाही. तो अनिवासी, त्याच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के, वर लागू असेल तो सरचार्ज आणि सेस. नफा किती हे खरेदीदारानं मनानं ठरवायचं नसतं. त्यानं आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणावं. न आणल्यास बहुतेक सीए पूर्ण ५४ लाखांवर कापायला सांगतात आणि मग भाऊ चिडतो. तुम्ही कमी कापलं तर फरक आणि व्याज तुमच्याकडून वसूल होतं. पैसे त्याच्या एनआरओ (अनिवासींच्या इथल्या रुपयांतल्या) खात्यात द्यायचे. "माझ्याच खात्यात टाका, मी त्याला पाठवतो" असं थोरला म्हणाला तरी नाही.

कर्जफाईल

बँकेची फाईल कुठं अडेल ते लिहितो. ७५ लाखांवरच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमानं घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं, आणि किंमत धरताना स्टँप-नोंदणी त्यात मोजत नाहीत. १.६२ कोटींवर कमाल १ कोटी २१ लाख ५० हजार, तेव्हा तुमचे एक कोटी बसतात. हाताशी ६२ लाख, अधिक स्टँप आणि नोंदणी, एकूण ७२ लाखांच्या आसपास हवेत.

आता ते १९८२चं अ‍ॅग्रीमेंट. पाच रुपयांच्या स्टँपला घाबरू नका. फ्लॅटच्या करारावर खरेदीखताच्या दरानं शुल्क १० डिसेंबर १९८५ पासून लागू झालं, हा करार त्याआधीचा. घाबरायचं ते मूळ प्रत हातात नसेल तर. नोंदणीच झालेली नाही, म्हणजे दुय्यम निबंधकाकडे त्याची प्रतच नाही. हरवलं तर प्रमाणित नक्कल कुठूनही मिळणार नाही. त्यामुळे झेरॉक्सवर बोलणी पुढे नेऊ नका, मूळ बघा. स्टँपपेपर उलटा करा: मागे स्टँप विकणाऱ्याचा शिक्का, अनुक्रमांक, कोणाच्या नावे घेतला आणि तारीख असते. ती तारीख कराराच्या तारखेच्या नंतरची असेल तर तिथंच थांबा. सोबत बिल्डरच्या पैसे मिळाल्याच्या पावत्या आणि ताबापत्र असेल तर उत्तम. काही बँकांचे वकील अशा कराराला डीड ऑफ कन्फर्मेशन (जुना करार कायम असल्याचा नवा दस्त) करून, जुना करार त्याला जोडून, नोंदवून घ्यायला सांगतात. आपल्या बँकेच्या पॅनल वकिलाला हे टोकनच्या आधी विचारा, कारण एक बँक चालवते आणि दुसरी नाही.

सर्च रिपोर्टबद्दल. एजंट नोंदणी विभागाच्या साइटवर फ्लॅट नंबर टाकून "बघा, काहीच निघत नाही, टायटल क्लिअर" म्हणून दाखवेल. मूळ करार नोंदलेलाच नाही, वारसाहक्काची नोंद तिथं होत नाही, तर निघणार काय? कोरा सर्च म्हणजे क्लिअर टायटल नव्हे. तरीही ३० वर्षांचा सर्च करून घ्या. मधल्या काळात कोणी गहाणखत, हक्कसोडपत्र किंवा दुसऱ्याशी करार नोंदवलाय का, ते कळेल. जुन्या वर्षांच्या हाताने लिहिलेल्या सूची फाटलेल्या असतात आणि रिपोर्टमध्ये "पाने फाटलेली" असा शेरा येतो. असा शेरा किती वर्षांवर आहे ते मोजा.

एक गोष्ट बरेच जण सोडतात. बृहन्मुंबईत चालू दाव्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, नोंदवावी लागते. १९३९च्या मुंबई दुरुस्तीनं तशी तरतूद आहे. तेव्हा सर्च करणाऱ्याला ती खास शोधायला सांगा, आणि ई-कोर्ट्सवर पाचही नावांनी दावे बघा.

घरशोधक_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल विक्रेत्यांशी बोलणं झालं. भावाचं कुलमुखत्यारपत्र आणायला तयार आहेत. मेव्हणेही तयार, पण वाटा हवाच म्हणाले, जे रास्तच आहे. भाच्याबद्दल मात्र तीन पर्याय पुढे आले: (१) त्याचे बाबा त्याच्या वतीनं सही करतील, वडीलच तर आहेत, (२) एकत्र कुटुंबाची मिळकत म्हणून थोरला मामा कर्ता (एकत्र कुटुंबाचा प्रमुख) म्हणून विकेल, मग परवानगी लागत नाही असं त्यांच्या वकिलाचं मत, (३) आधी कौटुंबिक व्यवस्थापत्र करून भाच्याचा वाटा त्याच्या बहिणीच्या नावे करतील, मग ती विकेल. यातलं काही चालेल का? आणि टोकन?

कागद_आणि_शाई

तिन्ही नाही.

पहिला: वडील नैसर्गिक पालक आहेत हे खरं, म्हणूनच परवानगीचा अर्ज त्यांनी करायचा. दस्तात "अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) वडील" लिहून सही केली तर दुय्यम निबंधक कदाचित नोंदवूनही घेईल. तो मालकी तपासत नाही. पण परवानगीविना केलेली विक्री मुलाच्या मर्जीवर रद्द होऊ शकते. सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं, म्हणजे एकविसावं पूर्ण होईपर्यंत तो दावा लावू शकतो. तोवर तुमच्या घराच्या एक नवमांशावर प्रश्नचिन्ह राहील, आणि रीडेव्हलपमेंट आली तर बिल्डरचा वकील पहिल्या तासात ते शोधून काढेल.

दुसरा: एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या अविभक्त हिश्श्याला कलम ८ची परवानगी लागत नाही, हे कायद्यात आहे. इथं ते बसत नाही. भाच्याला हिस्सा आईकडून कलम १५ खाली मिळालाय, तो त्याचा स्वतंत्र हिस्सा. आणि आईकडच्या मामाचा तो सहदायाद (एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला जन्मतः वाटेकरी) नाही, तेव्हा मामा त्याचा कर्ता कसा होणार?

तिसरा: अज्ञानाचा वाटा दुसऱ्याच्या नावे करणं हेही हस्तांतरणच. विक्रीला लागते ती परवानगी त्यालाही लागते, आणि बिनमोबदला असेल तर कोर्ट देणारच नाही, कारण परवानगी मिळते ती मुलाची गरज किंवा उघड फायदा असेल तरच.

म्हणून रीतसर अर्ज. सोबत सरकारमान्य मूल्यांककाचा अहवाल, तुमच्याशी ठरलेल्या किमतीचं पत्र, मुलाच्या वाट्याचं काय करणार हे. कोर्ट सहसा ते १८ लाख त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. आदेशात किमान किंमत आणि मुदत घातली असेल तर करार त्याच चौकटीत करावा लागतो. उद्या घासाघीस करून दोन लाख कमी केले आणि आदेशातल्या किमतीखाली गेलात तर परवानगीचा उपयोग नाही. याला महिने लागतात. तो सोळा पूर्ण आहे, तेव्हा अठरापर्यंत थांबणं हाही पर्याय. पण दीड-दोन वर्षं विक्रेते थांबतील आणि भावही थांबेल, हे धरू नका.

भावाच्या कुलमुखत्यारपत्राचं: खास याच फ्लॅटपुरतं हवं, पत्ता, शेअर नंबर, किमान किंमत यांसह. करारावर सही करणं आणि दुय्यम निबंधकापुढे कबुली देणं, हे दोन्ही अधिकार त्यात लिहिलेले हवेत. टोरांटोच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून आणा. जानेवारी २०२४ पासून कॅनडा अपॉस्टिल करारात (एका देशाचा प्रमाणित कागद दुसऱ्यानं मानण्याचा करार) आहे, त्यामुळे स्थानिक नोटरी आणि अपॉस्टिल हाही मार्ग निघालाय. मात्र दुय्यम निबंधकाला आणि बँकेला कोणता चालतो ते आधी विचारा. महाराष्ट्रात कागद पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला स्टँप लागला पाहिजे. लिफाफा ठेवून द्या, पोचल्याची तारीख त्यावरून दाखवता येते. देणारा वारला की मुखत्यारपत्र संपतं. नोंदणीच्या दिवशी ते अजून अमलात असल्याचं घोषणापत्र द्यावं लागतं. तरी त्या सकाळी भावाला व्हिडिओ कॉल करा.

सोसायटीवाला

इंडेम्निटीचा मुद्दा मान्य, मी सोसायटीच्या खुर्चीतून लिहिलं होतं. एक भर. १९८४ची सोसायटी, तर कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करून देणं, झालंय का विचारा. उपनगरात सिटी सर्व्हे कार्यालयातून प्रॉपर्टी कार्ड काढा. त्यावर अजून मूळ जमीनमालकाचं किंवा बिल्डरचं नाव असेल तर जमीन सोसायटीची नाही. जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डरनं करून दिलं नाही तर आदेशानं होणाऱ्या कन्व्हेयन्सचा) अर्ज करता येतो, पण तो सहसा सोसायटी करते. गेल्या दोन-तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागा. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली रीडेव्हलपमेंटचा ठराव झाला असेल तर भाडं, कॉर्पस (बिल्डर मेंबरना देतो ती एकरकमी रक्कम), जादा क्षेत्र कोणाचं, हे करारात साफ लिहून घ्या. नाहीतर फ्लॅट तुम्ही घेणार आणि भाड्याचा चेक जुन्या मेंबरच्या नावे निघणार.

कागद_आणि_शाई

टोकनचं राहिलं. रविवार विसरा. द्यायचंच असेल तर ५० हजारांवर जाऊ नका, चेकनं द्या, आणि थोरला, मेव्हणे, भाची या तिघांची सही असलेल्या पावतीवर द्या. पावतीत लिहा: मूळ १९८२चा करार बँकेच्या वकिलाला दाखवणे, भावाचं मुखत्यारपत्र स्टँपसह येणे, अज्ञानाच्या हिश्श्याला कोर्टाची परवानगी मिळणे, बँकेनं टायटल मान्य करणे. यातलं काहीही ठरलेल्या तारखेपर्यंत झालं नाही तर रक्कम पंधरा दिवसांत पूर्ण परत, कपात नाही. अशी पावती द्यायला नकार आला तर दुसऱ्या पार्टीला खुशाल पुढे होऊ द्या. नोटीस एक मराठी आणि एक इंग्रजी दैनिकात द्या, तुमच्या वकिलाच्या नावानं, आणि वडिलांचं नाव त्यात छापा. "विद्यमान सभासदाकडून" एवढंच छापलं तर वारस ती वाचूनही ओळखणार नाहीत.